ताऱ्याची राख

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर तालुका आहे. कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून या तालुक्यात उतरतो आणि पुढे अहिल्यानगरकडे जातो. या रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे गाव लागते. हिवाळ्यात या भागातील शेतांत कांद्याचे पीक उभे असते. विजेची पाळी रात्रीची असली, म्हणजे शेतकरी खांद्यावर फावडे टाकून शेताची वाट धरतो आणि दारे धरीत रात्र काढतो. एक वाफा भरेपर्यंत त्याला घटकाभर उसंत मिळते. अशा वेळी मान वर केली, की मृग नक्षत्र डोक्यावर आलेले दिसते. वर ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि खाली पाण्याने भिजलेली काळी माती! या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कोणाच्या सहसा मनातही येत नाही. परंतु असा संबंध आहे, आणि त्याचा पुरावा माणसाच्या हाती आला आहे. तो पुरावा कसा मिळाला, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

तिचा आरंभ आकाशापासून न करता जुन्नर तालुक्यातील एका नदीकाठापासून केलेला बरा. कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीच्या दरडीत मातीचे आणि वाळूचे थर एकावर एक रचलेले दिसतात. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ वर्षानुवर्षे साचत गेला, म्हणजे असे थर बनतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि सर्वांत वरचा सर्वांत अलीकडचा, हे उघड आहे. या थरांमध्ये एके ठिकाणी भुरकट पांढऱ्या रंगाचा एक निराळाच थर आढळला. तपासणी केली तेव्हा तो ज्वालामुखीच्या राखेचा असल्याचे दिसून आले. त्याच्या सान्निध्यात अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारेही सापडली.

आता प्रश्न असा, की ही राख आली कोठून? सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्हारसापासूनच झाला आहे, ही गोष्ट खरी. परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि थंड झाला. कुकडीच्या काठचा गाळ त्या मानाने अगदी कालपरवाचा. तो साचत असताना महाराष्ट्रात एकही ज्वालामुखी जागृत नव्हता. अर्थात ही राख बाहेरून आली असली पाहिजे. शास्त्रज्ञांनी तिच्यातील काचेसारख्या सूक्ष्म कणांचे रासायनिक पृथक्करण केले. ते कण सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या राखेशी जुळले. टोबा येथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बोरीची राख टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी तिचे वय ७५ हजार वर्षे मानतात, तर कोणी सात-आठ लाख वर्षे. पण वाऱ्याने समुद्रापलीकडून आणलेली ती राख कुकडीच्या गाळात जपून राहिली, एवढे खरे.

बोरीच्या या राखेवरून एक मोलाचा नियम शिकता येतो. जी वस्तू एखाद्या जागी निर्माण होणे शक्य नाही, ती त्या जागी सापडली, तर ती बाहेरून आली असे समजावे. आणि ती ज्या थरात सापडली, त्या थराच्या वयावरून ती केव्हा आली हे ठरवावे. हाच नियम पुढे साऱ्या पृथ्वीला लावून पाहिला तर? जी वस्तू पृथ्वीवर आज असणेच शक्य नाही, अशी एखादी वस्तू पृथ्वीच्या थरात सापडेल काय? सापडल्यास ती पृथ्वीच्या बाहेरून आली असे म्हणावे लागेल. शास्त्रज्ञांनी असा शोध घेतला. त्यांना जी राख सापडली, ती ज्वालामुखीची नव्हती. ती ताऱ्याची होती.

ताऱ्याची राख म्हणजे काय, हे समजण्यासाठी ताऱ्यांचे जीवन थोडेसे समजून घेतले पाहिजे. तारे आपल्याला अढळ आणि अमर वाटतात. पण त्यांनाही जन्म आहे, वाढ आहे आणि अंत आहे. ताऱ्याच्या गाभ्यात प्रचंड उष्णता असते. तेथे हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन हेलियमचे अणू बनतात आणि त्यातून प्रकाश व उष्णता बाहेर पडते. आपला सूर्य याच रीतीने तळपत आहे. सूर्यापेक्षा आठ-दहा पटींनी अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांत ही क्रिया आणखी पुढे जाते. हेलियमपासून कार्बन, कार्बनपासून त्याहून जड मूलद्रव्ये अशी पायरीपायरीने निर्मिती होत होत अखेर गाभ्यात लोखंड तयार होते. लोखंडाशी येऊन ही भट्टी थांबते, कारण लोखंडाचे अणू एकत्र आले तरी त्यातून ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा संपली, की गाभ्याला स्वतःचाच भार सहन होत नाही. पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीच्या गोळ्याएवढा होतो. त्या धक्क्याने ताऱ्याचे बाहेरचे सारे थर अवकाशात भिरकावले जातात. अशा स्फोट पावणाऱ्या ताऱ्याला अतिदीप्त नवतारा किंवा सुपरनोव्हा असे म्हणतात. काही काळ तो एकटा कोट्यवधी सूर्यांइतका प्रकाशतो. त्यातून उडालेला धुरळा दूरवर पसरत जातो. हीच ताऱ्याची राख होय.

असे स्फोट माणसाने डोळ्यांनी पाहिलेले आहेत. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील ज्योतिषांना वृषभ राशीत एक नवा तारा दिसला. तो इतका तेजस्वी होता, की २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. पुढे तो मंद होत गेला, तरी रात्रीच्या आकाशात सुमारे पावणेदोन वर्षे नुसत्या डोळ्यांनी पाहता येत होता. त्या जागी आज दुर्बिणीतून वायूचा एक विस्कटलेला मेघ दिसतो. खेकड्यासारख्या आकारावरून त्याला क्रॅब अभ्रिका हे नाव पडले आहे. तिच्या मध्यभागी त्या ताऱ्याचा उरलेला गाभा सेकंदाला सुमारे तीस वेळा स्वतःभोवती गरगर फिरतो आहे. हा तारा भारतातूनही दिसला असला पाहिजे. तेव्हा आपल्या पूर्वजांनी त्याची कोठे नोंद केली आहे काय, याचा शोध पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी घेतला. त्यांचा लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निःसंशय म्हणता येईल अशी नोंद त्यांना आढळली नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, त्यासाठी आकाशाबरोबर जुन्या पोथ्याही धुंडाळाव्या लागतात, हे त्यांच्या प्रयत्नाने दाखवून दिले.

पुढे १५७२ आणि १६०४ या वर्षीही असे तारे दिसले. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिण गोलार्धातून दिसलेला अतिदीप्त नवतारा तर आजच्या पिढीतील अनेक शास्त्रज्ञांनी स्वतः अभ्यासला आहे. अशा स्फोटांचे अवशेष साध्या प्रकाशात पुष्कळदा अंधूक दिसतात. पण त्यांतून रेडिओ तरंग निघत असतात. ते टिपणारी जगप्रसिद्ध दुर्बीण जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळच्या खोडद गावी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या मिळून ही एक दुर्बीण बनली आहे. त्यांपैकी चौदा तबकड्या खोडदच्या परिसरात जवळजवळ आहेत आणि सोळा तबकड्या तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष आणि त्यांचे गरगर फिरणारे गाभे यांचा अभ्यास या दुर्बिणीने केला जातो.

परंतु माणसाने पाहिलेले हे सारे स्फोट फार दूरचे होते. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो, त्याला प्रकाशवर्ष म्हणतात. हे अंतर सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. क्रॅब अभ्रिका आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. इतक्या अंतरावरून पृथ्वीला इजा पोहोचण्याचा संभव नाही. मग पृथ्वीच्या जवळ कधीच स्फोट झाला नाही काय? माणसाने लिहिलेल्या नोंदी फार तर काही हजार वर्षांच्या. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांहून अधिक. जवळचा स्फोट लाखो वर्षांपूर्वी झाला असेल, तर त्याची नोंद कागदावर मिळणार नाही. ती पृथ्वीच्या थरांतच शोधली पाहिजे. १९९६ मध्ये जॉन एलिस, ब्रायन फील्ड्स आणि डेव्हिड श्राम या तीन शास्त्रज्ञांनी नेमकी हीच सूचना केली. अतिदीप्त नवताऱ्याच्या धुरळ्यातील विशिष्ट अणू पृथ्वीच्या थरांत मिळतात का, ते पाहावे, असे त्यांनी सुचविले.

पण ताऱ्यातून आलेला अणू ओळखायचा कसा? लोखंड तर पृथ्वीवर विपुल आहे. येथे निसर्गाने एक सोयीची खूण ठेवली आहे. नेहमीच्या लोखंडाच्या अणुकेंद्रात २६ प्रोटॉन आणि बहुधा ३० न्यूट्रॉन असतात. म्हणून त्याला लोह-५६ म्हणतात. प्रचंड ताऱ्यांत मात्र ३४ न्यूट्रॉन असलेले लोखंडही थोड्या प्रमाणात तयार होते. ते लोह-६० होय. हे लोखंड टिकाऊ नाही. ते किरणोत्सर्गी आहे, म्हणजे त्याचे अणू आपोआप मोडून त्यांचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होते. सुमारे २६ लाख वर्षांत त्यातील निम्मे अणू नाहीसे होतात.

एका कणगीत धान्य भरले आहे आणि दर वर्षी त्यातले निम्मे धान्य काढून घेतले जाते, अशी कल्पना करावी. पहिल्या वर्षाअखेर निम्मे उरेल, दुसऱ्या वर्षाअखेर पाव, तिसऱ्या वर्षाअखेर त्याच्याही निम्मे. दहा वर्षांनी हजारात एक दाणाही धड उरणार नाही. लोह-६० चेही असेच आहे. फक्त तेथे एकेक पायरी २६ लाख वर्षांची. पृथ्वीच्या जन्मापासून अशा सतराशेच्या वर पायऱ्या होऊन गेल्या. म्हणून पृथ्वी घडली त्या वेळी तिच्यात लोह-६० कितीही असते, तरी आज त्याचा एक अणूही उरला नसता. पृथ्वीवर ते आपोआप तयारही होत नाही. अवकाशातील किरणांच्या माऱ्याने उल्कांमध्ये ते किंचित बनते, पण त्याचे प्रमाण फारच अल्प असते. म्हणून एखाद्या थरात लोह-६० त्याहून अधिक प्रमाणात सापडले, तर ते फुटलेल्या ताऱ्याकडून अलीकडच्या काळात आले, असाच निष्कर्ष निघतो.

हे लोखंड शोधण्यासाठी शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी गेले. प्रशांत महासागराच्या अतिशय खोल तळावर लोखंड आणि मँगॅनीज यांची एक काळी खपली खडकांवर चढलेली असते. पाण्यात विरघळलेल्या धातूंपासून ती इतक्या संथपणे वाढते, की दहा लाख वर्षांत तिची जाडी काही मिलिमीटरच वाढते. तेथे नदीचा गाळ पोहोचत नाही, माणसाचा हात लागत नाही. लाखो वर्षांचा काळ जणू बोटाच्या पेरात मावलेला असतो! म्यूनिक येथील तांत्रिक विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ही खपली थराथराने खरवडली, प्रत्येक थरातील लोखंड वेगळे केले आणि त्याचे अणू त्वरक यंत्रातून वेगाने सोडले. जड आणि हलक्या अणूंच्या वाटा या यंत्रात निरनिराळ्या होतात, आणि अब्जावधी साध्या अणूंमध्ये दडलेला एखादा वेगळा अणूही हेरता येतो. १९९९ मध्ये त्यांना पहिली खूण मिळाली. २००४ मध्ये दुसऱ्या एका खपलीचे थर अधिक बारकाईने तपासले गेले, तेव्हा सुमारे वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरांत लोह-६० स्पष्टपणे आढळले. त्याच्या खालच्या आणि वरच्या थरांत ते जवळजवळ नव्हते.

एका जागेच्या साक्षीवर न्यायाधीश निकाल देत नाही. शास्त्रज्ञही देत नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ अँटोन वॉलनर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रशांत, अटलांटिक आणि हिंदी या तिन्ही महासागरांच्या तळांवरील नमुने तपासले. तिन्ही ठिकाणी लोह-६० मिळाले. त्यांना एकाऐवजी दोन कालखंड दिसले. एक सुमारे १५ ते ३२ लाख वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे ६५ ते ८७ लाख वर्षांपूर्वीचा. त्याच वर्षी अपोलो यानांतून आणलेल्या चंद्रावरील मातीतही हे लोखंड असल्याचे सिद्ध झाले. चंद्रावर समुद्र नाही, नदी नाही, वारा नाही. तेथील लोखंड आकाशातूनच पडले असले पाहिजे. समुद्रतळाच्या गाळात काही सूक्ष्म जीवाणूंचे अवशेष असतात. हे जीवाणू पाण्यातील लोखंड घेऊन आपल्या शरीरात चुंबकाचे इवलेसे स्फटिक बनवितात. त्या प्राचीन स्फटिकांतही लोह-६० निघाले. म्हणजे एका ताऱ्याची राख पृथ्वीवर आली, पाण्यात मिसळली आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या शरीराचा भाग झाली!

यानंतर एक आश्चर्य घडले. अंटार्क्टिका खंडावरील अलीकडेच पडलेला पाचशे किलो बर्फ शास्त्रज्ञांनी म्यूनिकला नेला, वितळविला आणि त्यातील धूळ तपासली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्या ताज्या बर्फातही लोह-६० चे मोजके अणू सापडले. म्हणजे अवकाशात पसरलेली ताऱ्यांची ती राख आजही अतिशय विरळपणे पृथ्वीवर पडत आहे. ती जशी दक्षिण ध्रुवावर पडते, तशीच पिंपरी पेंढारच्या शेतांतही पडत असली पाहिजे. फक्त तेथील मातीत साध्या लोखंडाची इतकी गर्दी आहे, की तिच्यात हा पाहुणा हुडकणे दुष्कर.

सापडलेल्या लोखंडाच्या प्रमाणावरून स्फोटाच्या अंतराचाही अंदाज बांधता येतो. स्फोट जवळ असेल तर राख दाट पडेल, दूर असेल तर विरळ. या हिशेबाने अलीकडचा स्फोट सुमारे तीनशे प्रकाशवर्षांवर झाला असावा. खगोलशास्त्रज्ञांना सूर्याभोवती सुमारे हजार प्रकाशवर्षे रुंदीची एक पोकळीही आढळली आहे. तेथील वायू अतिशय विरळ आणि तप्त आहे. एकामागून एक फुटलेल्या अनेक ताऱ्यांनी ही पोकळी कोरून काढली, असे मानले जाते. अशा रीतीने आकाशाची साक्ष आणि समुद्रतळाची साक्ष एकमेकींशी जुळते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की या स्फोटांनी पृथ्वीचे काय केले? स्फोट तीस प्रकाशवर्षांच्या आत झाला, तर तो घातक ठरू शकेल, असा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. त्यातून आलेले तीव्र किरण वातावरणातील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग घडवून आणतील. त्यापासून झालेले वायू उंचावरील ओझोनचा थर विरळ करतील. हा थर सूर्याच्या अतिनील किरणांना अडवितो. तो विरळ झाला, तर समुद्राच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती करपतील, आणि त्यांवर जगणाऱ्या साऱ्या जीवसृष्टीवर संकट येईल.

तीनशे प्रकाशवर्षांवरचा स्फोट मात्र यापेक्षा पुष्कळ सौम्य. त्याचा तारा त्या वेळच्या आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास तेजस्वी दिसला असेल. आफ्रिकेत दगड फोडून हत्यारे करू लागलेल्या आपल्या आदिपूर्वजांनीही कदाचित तो पाहिला असेल. पुढे हजारो वर्षे पृथ्वीवर विश्वकिरणांचा मारा वाढला असेल. सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी समुद्रातील काही मोठे प्राणी नाहीसे झाले आणि हवामानही थंड झाले. या घटनांचा त्या स्फोटाशी संबंध असावा, असे काही शास्त्रज्ञांनी सुचविले. विश्वकिरणांमुळे विजा अधिक पडल्या आणि वणवे पेटले, असाही तर्क मांडला गेला.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून काही कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हवामान थंड होण्याची दुसरीही कारणे ज्ञात आहेत. लोह-६० पृथ्वीवर आले, ही गोष्ट तिन्ही महासागरांनी आणि चंद्रानेही सिद्ध केली आहे. पण त्याने प्राण्यांचा नाश झाला, ही गोष्ट सिद्ध झालेली नाही. पहिला आहे पुरावा, दुसरा आहे तर्क. तर्क करण्यास हरकत नाही. पण त्याला पुराव्याच्या आसनावर बसविता कामा नये.

या शिस्तीचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाकाय डायनोसॉर नष्ट झाले. त्या काळच्या थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू भरपूर सापडला, तेव्हा अमेरिकेतील शास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात प्रथम अतिदीप्त नवताऱ्याचाही विचार आला. कल्पना आकर्षक होती. परंतु ती खरी असती, तर त्या थरात प्लुटोनियमचा एक विशिष्ट प्रकार मिळायला हवा होता. पहिल्या तपासणीत तो आहे असे वाटले. त्यांनी पुन्हा तपासणी केली. तेव्हा तो नव्हता. लगेच त्यांनी ती कल्पना सोडून दिली आणि आकाशातून प्रचंड अशनी आदळल्याचा सिद्धान्त १९८० मध्ये मांडला. पुढे त्यालाच भरपूर पुरावा मिळाला. स्वतःची आवडती कल्पना स्वतःच तपासून पाहणे आणि ती चुकली असे दिसताच तिचा त्याग करणे, याला मोठे धैर्य लागते.

भविष्यात जवळ असा स्फोट होण्याचे भय आहे काय? मृग नक्षत्राच्या चार कोपऱ्यांच्या ताऱ्यांपैकी एक तांबूस दिसतो. त्याला काक्षी म्हणतात. हा तारा वृद्ध झाला असून येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी त्याचा स्फोट होईल, असा अंदाज आहे. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंद झाला, तेव्हा जगभर कुतूहल निर्माण झाले. पुढे कळले, की त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचे तेज काही काळ झाकले होते. काक्षी पाचशे प्रकाशवर्षांहूनही दूर आहे. तो फुटला, तर माणसाला एक अपूर्व देखावा पाहायला मिळेल. त्यापासून अपाय होणार नाही. तीस प्रकाशवर्षांच्या आत असा मृत्युपंथाला लागलेला प्रचंड तारा एकही नाही.

ताऱ्यांचे स्फोट नुसते संहारक आहेत, असेही समजू नये. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी ज्या वायूच्या आणि धुळीच्या मेघातून सूर्य आणि पृथ्वी घडली, त्या मेघात आधी होऊन गेलेल्या असंख्य ताऱ्यांची राख मिसळलेली होती. पृथ्वीवरचे लोखंड त्या राखेतूनच आले. शेतकऱ्याच्या हातातील फावडे, नांगराचा फाळ, विळ्याचे पाते आणि त्याच्या अंगातील रक्ताची लाली, या साऱ्यांत जे लोखंड आहे, ते कधी काळी ताऱ्यांत घडले. दारे धरताना वर पाहणारा तो शेतकरी आणि त्याच्या डोक्यावरचे तारे यांच्यात हे असे जुने नाते आहे. पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवून तो पुन्हा फावडे उचलतो. ते ताऱ्याच्या राखेचे असते.

स्वाध्याय

१. बोरी येथील राख महाराष्ट्रातील नाही, हे कशावरून ठरविता आले?
२. पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे लोह-६० आज का उरले नसते, ते कणगीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. समुद्रतळावरील पुराव्याला चंद्रावरील मातीमुळे बळकटी कशी आली?
४. ‘पहिला आहे पुरावा, दुसरा आहे तर्क.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
५. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ या म्हणीला साजेसा एखादा प्रसंग तुमच्या अनुभवातून लिहा.
६. हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र पाहा, त्यातील काक्षी ओळखा आणि नक्षत्राची आकृती वहीत काढा.